स्वस्तातला घडीचा चाकू कसा पारखावा

पार्सलची टेप, सुतळी, दुधाची पिशवी, हापूसच्या पेटीवरची प्लॅस्टिकची पट्टी, ऑफिसात डब्यासोबत आणलेला पेरू. रोज काही ना काही कापायचं असतंच आणि आपण ते किल्लीनं, दातानं नाहीतर पेनाच्या टोकानं उरकतो. खिशात मावणारा, घडी होणारा एक छोटा चाकू ही सगळी कामं नीट करतो आणि त्यासाठी फार पैसे मोजावे लागत नाहीत. अडचण निवडीची आहे. दोन हजार रुपयांच्या आत ऑनलाइन शेकडो चाकू दिसतात. प्रत्येकाच्या वर्णनात स्टीलचा एक आकडा, काळं पातं आणि भारदस्त नाव असतं, आणि नवख्या माणसाला त्यातून काहीच हाती लागत नाही.

माझं मत आधीच सांगतो. या किमतीत स्टीलच्या नावापेक्षा दोन गोष्टी जास्त मोलाच्या आहेत: पातं किती पातळ आहे आणि उघडल्यावर ते जागेवर किती घट्ट राहतं. मुंबईत राहणाऱ्यानं मात्र त्याही आधी एक विचार करायचा. हा चाकू घेऊन आपण कुठे कुठे जाणार आहोत?

आधी कायदा समजून घ्या

शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. नियमांच्या यादीत तलवारी, खंजीर, भाल्यांच्या जोडीला ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपल्या चाकूचं पातं अडीच-तीन इंचांचं, म्हणजे या मापाच्या बरंच आत. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. याच कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेल्या वस्तू येतात. त्यामुळे 'चाकू कशाला ठेवलाय?' या प्रश्नाला 'स्वसंरक्षणासाठी' हे सगळ्यात वाईट उत्तर आहे. त्या उत्तरानं तुम्हीच तुमच्या फळं कापायच्या चाकूला शस्त्र म्हणता. आणि खरंच, या चाकूचा त्या कामी काही उपयोग नाही. झटापटीत घडीचा चाकू काढणाऱ्याची स्वतःचीच बोटं आधी कापतात, आणि प्रसंग होता त्याहून गंभीर होतो. तो विचार मनात असेल तर चाकू घेऊच नका.

मुंबईकरांना लागू पडणारा दुसरा कायदा म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक मुदतीसाठी आदेश काढू शकतात, आणि त्या मुदतीत सार्वजनिक ठिकाणी शस्त्रं, काठ्या, सुरे किंवा इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला मनाई असते. मुंबईत असे आदेश वेळोवेळी निघतात, वर्तमानपत्रात त्यांची बातमीही येते. कलमात चाकूचा उल्लेख स्पष्ट आहे आणि पात्याच्या लांबीची सूट कुठेही दिलेली नाही. म्हणून निवडणुका, मोर्चे, गणपती विसर्जन, क्रिकेटचे सामने, सभा अशा दिवशी आणि अशा गर्दीत चाकू घरीच ठेवायचा. इतर दिवशीही तो पँटच्या खिशाला क्लिपनं अडकवून मिरवण्यापेक्षा बॅगेच्या आतल्या कप्प्यात, डब्याच्या आणि चमच्याच्या सोबत असावा. तो कशासाठी आहे हे बॅग उघडणाऱ्यालाही मग दिसतं.

विमानतळावर केबिन बॅगेत चाकू चालत नाही, कितीही छोटा असला तरी चेक-इनच्या बॅगेत टाका. मेट्रोच्या प्रवेशाला बॅगा यंत्रातून जातात, तिथे अडवलं तर वाद घालू नका, कारण तिथल्या माणसाला ठरवण्याचा अधिकार आहे. न्यायालय, मंत्रालय, मॉल, थिएटर, मोठी देवळं, सगळीकडे हीच गत. रोजचा प्रवास मेट्रोनं असेल, तर पात्याऐवजी छोटी कात्री असलेलं साधन बघावं असं मी सुचवेन.

ट्रेकर मंडळींना यातली एक गोष्ट बहुधा माहीत नसते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकू नावानिशी आहे, आणि अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरायला बंदी आहे. म्हणजे बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आलं, कर्नाळा आलं, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यही आलं. तिकडे जाताना काकडी, कांदा घरूनच चिरून न्या.

काम ठरवा, मग माप

ज्याला फक्त पार्सलं आणि पाकिटं उघडायची आहेत त्याला चार सेंटिमीटरचं पातं पुरतं. फळं कापायची असतील तर साडेसहा ते साडेसात सेंटिमीटर हवं, कारण सफरचंद त्याहून आखूड पात्यानं एका फटक्यात दुभागत नाही. आठच्या वरचं पातं शहरात मी कुणालाही सुचवणार नाही. ते खिशात जड होतं आणि लोकांच्या डोळ्यांत भरतं, त्या मानानं काम काही वाढत नाही.

दिसण्याचाही विचार करा. काळं पातं, कवटीचं चित्र, करवतीसारखे दाते, झटक्यात उघडणारी यंत्रणा, यांतलं काहीही पेरू कापायला लागत नाही आणि सहकाऱ्यांना मात्र दचकवतं. पातं चकचकीत, मूठ लाकडी किंवा रंगीत आणि नखानं उघडायची खाच असलेला चाकू टेबलावर ठेवला तर कुणी वळूनही बघत नाही. बटण दाबलं की पातं उसळून बाहेर येतं तो खटक्याचा चाकू तर अजिबात घेऊ नका, किंमत कितीही मोहात पाडणारी असो. पोलीस अशा चाकूकडे हत्यार म्हणूनच बघतात.

पातं जागेवर कसं राहतं

इथे थोडा वेळ द्या, कारण बोटं वाचतात ती इथे.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडा राहणारा चाकू. त्याला लॉक नसतं. स्विस चाकूंची लहान मापं अशीच असतात. अशा चाकूनं कापताना जोर नेहमी धारेच्या दिशेनंच द्यायचा, टोकानं भोक पाडायला जायचं नाही, कारण पाठीवर दाब आला की पातं बोटांवर मिटतं. हा नियम पाळणाऱ्याला शहरातल्या कामासाठी लॉकची गरज नाही. पहिला चाकू म्हणून मी हाच प्रकार सुचवतो. तो हाताला शिस्त लावतो.

लायनर लॉकमध्ये मुठीच्या आत एक स्टीलची पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती बाजूला सरकून पात्याच्या बुडाला टेकते. ती कुठे टेकते ते निरखून बघा. पात्याच्या बुडाच्या जाडीचा पाव ते निम्मा भाग पट्टीनं व्यापलेला असावा. जेमतेम कडेवर टेकली असेल तर दाबाखाली निसटेल. नव्या चाकूत पलीकडच्या टोकापर्यंत गेली असेल तर वर्षभरात झिजून सैल होईल. स्वस्त चाकूंत सगळ्यात जास्त दोष सापडतात ते या एका ठिकाणी. फ्रेम लॉकचं तत्त्व तेच, फक्त पट्टीऐवजी मुठीची एक बाजूच लॉकचं काम करते.

बॅक लॉक मुठीच्या पाठीवरून दाबून सुटतं. त्यात पात्याला वर-खाली किंचित हालचाल असणं नेहमीचं, त्यानं बिघडत नाही. आडव्या दांड्याचं लॉक, ज्यात मुठीतून आरपार गेलेला छोटा दांडा पात्याला अडवतो, आता चिनी चाकूंत स्वस्तात मिळतं आणि डावखुऱ्यांना फार सोयीचं आहे, कारण ते दोन्ही बाजूंनी सारखं ओढता येतं. त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक तारेच्या स्प्रिंगा असतात. दांडा दोन्हीकडून ओढून बघा, एक बाजू ढिली लागली तर तो नग परत द्या.

फिरत्या कडीचं लॉक हा ओपिनेल चाकूंचा गुण. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेलनं हा चाकू बनवायला घेतला, आणि कडी १९५५ मध्ये आली. पातं उघडून कडी फिरवली की झालं, डोळ्यांनी बघून खात्री करता येते. त्यांच्या अगदी लहान मापांना कडी नसते, ती ६ नंबरपासून मिळते. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, शहरासाठी थोडं मोठंच, म्हणून ६ किंवा ७ बघा.

दुकानात हातात घेतल्यावर

लोखंडी हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या पायी फिरून बघण्यासारख्या आहेत. तिथे चाकूच्या जोडीला धार लावायचे दगड, व्हर्नियर कॅलिपर, तारांकित डोक्याचे (टॉर्क्स) स्क्रूड्रायव्हर सगळं एका फेरीत मिळतं. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा. तेव्हा 'काका, याच मॉडेलचे दोन-तीन पीस दाखवता का?' म्हटलं तर दाखवतात, दुपारच्या गर्दीत ते शक्य नसतं. एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवले की दोष आपोआप दिसतात. ऑनलाइन मागवलात तरी पुढचं सगळं घरी, परत पाठवायच्या मुदतीत करायचं.

मिटलेला चाकू वरून बघा. पातं मुठीच्या दोन्ही भिंतींच्या साधारण मधोमध असावं. जरा कललेलं चालेल, भिंतीला घासत असेल तर नाही. मग मिटलेल्या मुठीवरून बोट हलकेच फिरवा, पात्याचं टोक कुठेही वर आलेलं लागता कामा नये. खिशात हात घालताना तेच टोक बोटात शिरतं. आता चाकूचं तोंड खाली करून मनगटानं दोन-तीनदा हलवा. पातं आपोआप बाहेर यायला नको. येत असेल तर तो बॅगेत ठेवण्याच्या लायकीचा नाही, बाकी कितीही सुबक असू द्या.

मग सावकाश उघडा. पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरण्यात सारखेपणा हवा, मध्येच अडकणं किंवा खरखर नको. पूर्ण उघडल्यावर पात्याला चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. इथे हालचाल असेल तर सांध्याला स्क्रू आहे की रिव्हेट ते बघा. स्क्रू असेल तर घरी आवळता येईल, रिव्हेट असेल तर तो दोष कायमचा.

लॉकची परीक्षा अशी घ्या. चारही बोटं पात्याच्या मिटण्याच्या वाटेतून पूर्ण बाहेर काढून, मूठ फक्त अंगठा आणि तळव्यात धरायची आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळूहळू दाबायची. दाब वाढवत नेला तरी लॉक सरकायला नको. काही लोक पाठ टेबलावर आपटून दाखवतात. ते करू नका. त्या धक्क्यानं चांगलं लॉकही खराब होतं आणि त्यातून कळत काहीच नाही.

शेवटी मूठ. दुकानात मुठीत धरून सगळेच चाकू बरे वाटतात, म्हणून बाटलीतलं पाणी तळव्यावर घेऊन ओल्या हातानं धरा. आपल्याकडे चार महिने हात ओले किंवा घामट असतात. गुळगुळीत स्टीलची मूठ इथे नापास होते. जी-१० नावाचं फायबरग्लासचं खरखरीत साहित्य आणि नायलॉनची नक्षीदार मूठ पास होतात. लाकूड हाताला फार छान लागतं, पण पावसाळ्यात फुगतं. ओपिनेलच्या लाकडी मुठीत तर पातं फुगलेल्या खाचेत इतकं घट्ट बसतं की नखानं निघत नाही. तेव्हा मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच ठोकलं की पात्याचं टोक थोडं बाहेर येतं. लाकडाच्या प्रेमात असाल तर ही सवय करून घ्यावी लागेल.

धार आणि जाडी

कारखान्याची धार बघायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. पातं धार वर करून डोळ्यांसमोर धरा आणि प्रकाश धारेवर पाडा. खरी धार चमकत नाही, कारण चमकायला तिथे सपाट जागाच नसते. जिथे बारीक पांढरा ठिपका किंवा रेघ दिसेल तिथे धार बोथट किंवा दुमडलेली आहे. मग एटीएमची पावती घ्या. तो कागद पातळ आणि गुळगुळीत असतो. बुडापासून टोकापर्यंत एका ओढीत आवाज न करता कापला गेला तर उत्तम, एखाद्या जागी फाटला तर ती जागा लक्षात ठेवा. धार कमी असणं हा मात्र चाकू नाकारण्याचा दोष नाही. ती घरी लावता येते.

जाडी घरी बदलता येत नाही. स्वस्त चाकू बनवणारे बरेचदा साडेतीन मिलिमीटर जाडीचं पातं देतात आणि जाहिरातीत 'दणकट' लिहितात. असं पातं गाजरात घातलं की काप पडायच्या आधी गाजर कट्टकन फुटतं, कारण पातं कापत नाही, पाचरीसारखं फाकवतं. पातळ पातं त्याच गाजरातून सरळ खाली उतरतं. पाठीची जाडी दोन ते अडीच मिलिमीटर असेल तर बरं, आणि धारेच्या लगेच मागची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. कॅलिपर नसेल तर गाजर आहेच, पंधरा रुपयांत सगळ्यात खरी परीक्षा. एकाच स्टीलचे दोन चाकू जाडीतल्या फरकामुळे दोन वेगळ्या किमतीचे वाटतात, एवढा हा फरक मोठा आहे.

स्टीलच्या नावाचं किती मनावर घ्यायचं

थोडं वाचता यायला हवं. चिनी स्टीलच्या नावातच बरंच लिहिलेलं असतं. '८ सीआर १३ एमओव्ही' म्हणजे साधारण ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. '३ सीआर १३' मध्ये कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास. कार्बन जास्त असेल तर पातं जास्त कडक करता येतं आणि धार जास्त टिकते, क्रोमियम गंजाला अडवतं. म्हणून या किमतीत ८ सीआर हे ३ सीआरपेक्षा निश्चित चांगलं. स्वीडिश १२सी२७ आणि १४सी२८एन त्याहून चांगले. पातळ धारही ते नीट पेलतात आणि गंजाला दाद देत नाहीत.

डी२ या स्टीलची हल्ली फार चलती आहे. त्यात कार्बन दीड टक्का, त्यामुळे धार खूप टिकते. क्रोमियम १२ टक्के असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बनशी बांधलं जातं आणि गंज अडवायला कमी उरतं. कोरड्या गावात हे उत्तम. समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत मात्र त्यावर तपकिरी ठिपके उठतात, आणि पार्ल्यात किंवा वसईत राहणाऱ्यानं जुलैमध्ये तो कप्प्यात विसरला तर ऑगस्टमध्ये घासत बसावं लागेल. शिवाय नवख्या हाताला डी२ ला धार लावणं जड जातं. पहिला चाकू डी२ चा नको, हे मी ठामपणे सांगेन.

नुसतं '४४०' लिहिलेलं असेल तर त्यापुढे अक्षर शोधा. ४४० ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, ४४० सी मध्ये ०.९५ ते १.२०. अक्षर गाळलेलं असेल तर गाळण्याचं कारण तुमच्या फायद्याचं नसतं. 'सर्जिकल स्टील', 'जपानी स्टील', 'स्टेनलेस' हे शब्द स्टीलची प्रत सांगत नाहीत. दोन हजारांच्या आत मिळणारी लाटालाटांची 'दमास्कस' नक्षी बहुतेक वेळा वरून कोरलेली असते. घासलं की जाते.

आणि शेवटी पातं तापवून कडक करण्याचं काम नीट झालं नसेल तर नाव काहीही असो, फरक पडत नाही. व्हिक्टोरिनॉक्सचं उदाहरण घ्या. कार्ल एल्सनरनं १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी सुरू केलेल्या या कंपनीचं पातं रॉकवेल मापावर ५५-५६ एवढंच कडक असतं. आजच्या महागड्या चाकूंचे आकडे ६० च्या पुढे जातात. तरी तो लाखो लोकांच्या रोजच्या वापरात टिकला, कारण पातं पातळ आहे, गंजत नाही आणि दहा मिनिटांत धार येते.

डबा आणि लेबल

परदेशी बनावटीच्या पाकीटबंद वस्तूवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापणं भारतात बंधनकारक आहे. नामवंत कंपनीच्या चाकूच्या डब्यावर हे लेबल नसेल आणि किंमत निम्मी असेल तर तो बनावट समजा. बनावट स्विस चाकूत कात्रीची स्प्रिंग आणि पात्यांमधल्या फटी बघा. खऱ्यात पाती मिटल्यावर ओळीत बसतात आणि प्रत्येक पातं टचकन मिटतं. ५८ मिलिमीटरचा सगळ्यात छोटा स्विस चाकू, त्यातल्या कात्रीमुळे, मुंबईतल्या ऑफिसात जाणाऱ्या बहुतेकांची गरज पूर्ण भागवतो. चोर बाजारात जुने सुंदर चाकू दिसतात, पण ते पारखायला सरावलेली नजर लागते. पहिली खरेदी तिथे करू नका.

घरी पहिला आठवडा

परत पाठवायची मुदत संपायच्या आत चाकूला काम द्या. एखादं जुनं खोकं घ्या आणि त्याच्या पट्ट्या कापत सुटा. पुठ्ठा धारेला फार लवकर मारतो, म्हणून त्यातून लवकर कळतं. पंचवीस-तीस लांब पट्ट्यांनंतर एटीएमची पावती पुन्हा कापून बघा. थोडी फाटली तर ठीक. पावती नुसतीच दुमडायला लागली तर स्टील मऊ आहे, किंवा कारखान्यात धार लावताना पातं जास्त तापलं. दुसऱ्या शक्यतेत एक-दोनदा दगडावर धार लावली की आतलं चांगलं स्टील वर येतं, म्हणून लगेच निराश होऊ नका.

दुसरी परीक्षा सुतळीची. चार-पाच वेळा दुमडलेली सुतळी लाकडी पाटावर ठेवून ओढून कापा. घसरत असेल तर धार गुळगुळीत पण बोथट आहे. तिसरी परीक्षा कैरीची, किंवा लिंबाची. कापून पातं न पुसता दहा मिनिटं ठेवा. साध्या कार्बन स्टीलवर लगेच करडे डाग येतात, डी२ वर कधी कधी, चांगल्या स्टेनलेसवर येत नाहीत. लेबलवर स्टेनलेस आणि पात्यावर डाग, असं झालं तर चाकू परत करा.

या आठवड्यात सांध्याचा स्क्रूही लावून घ्या. तारांकित डोक्याचा, बहुधा टी६ किंवा टी८ मापाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. पात्याचं डावं-उजवं हलणं थांबेपर्यंत आवळायचं, मग पातं जड फिरत असेल तर अगदी थोडं सैल करायचं. सांध्यात बॉल बेअरिंग असेल तर चाकू झुळकन उघडतो, पण खिशातली धूळ आणि कापसाचे तंतू त्यात अडकतात. पितळी किंवा नायलॉनच्या वॉशरचा चाकू मुंबईच्या धुळीत कमी कटकटीचा.

धार लावायला शिका

सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे स्वयंपाकघरातली सुरी आणि कात्री खुशाल द्या, त्या कामात त्याचा हात बसलेला असतो. घडीच्या चाकूचं पातळ पातं मात्र देऊ नका. कोरड्या, वेगानं फिरणाऱ्या चाकावर त्याची कडा क्षणात तापते आणि कडकपणा निघून जातो. धारेजवळ निळसर झाक दिसली तर तेवढा भाग वाया गेला.

एका बाजूला ४०० (जाड) आणि दुसऱ्या बाजूला १००० (बारीक) दाण्याचा पाण्याचा दगड घ्या. ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. अवघड वाटतो तो कोन, पण त्याचा हिशेब सोपा आहे. पातं २ सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण ७ मिलिमीटर उचलली की २० अंशांचा कोन होतो, ५ मिलिमीटर उचलली की १५ अंशांचा. नवख्यानं २० वरच थांबावं. धारेच्या उतारावर मार्करनं शाई फासा आणि दगडावर दोन-चार ओढी द्या. शाई धारेच्या टोकापासून गेली तर कोन बरोबर, फक्त वरच्या बाजूची गेली तर पाठ थोडी उचला.

४०० दाण्यावर पात्याची एकच बाजू घासत राहा, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला बारीक खरखरीत कड बोटाला लागत नाही. कारागीर तिला बर म्हणतात. बोट धारेवरून लांबीच्या दिशेनं कधीही फिरवू नका, पाठीकडून धारेबाहेर असं आडवं न्या. बर बुडापासून टोकापर्यंत लागली की बाजू बदला. दोन्हीकडे झाली की १००० दाण्यावर तसंच, मग दाब कमी करत एकेक ओढ आलटून पालटून. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर धार मागे ठेवून दहा-बारा वेळा ओढली की उरलेली बर गळते. बहुतेकांची धार लागत नाही याचं कारण एकच असतं, बर येण्याआधीच ते बाजू बदलतात.

पावसाळ्यातली निगा

फळ कापलं की पातं लगेच पुसायचं, आणि सांध्याच्या आतली जागाही, तिथेच ओल राहते. आंब्याचा रस सुकून चिकट झाला तर कोमट पाण्यात साबणानं धुवून, पातं उघडं ठेवून पंख्याखाली पूर्ण सुकवा. अर्धा तास तरी. ओला चाकू मिटून ठेवला की गंज आतून सुरू होतो, बाहेरून दिसतही नाही.

तेल कुठलं लावायचं? शेंगदाण्याचं किंवा इतर कुठलं स्वयंपाकाचं तेल काही आठवड्यांत चिकट होतं आणि पातं जड फिरायला लागतं. औषधांच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मागा. ते पोटात गेलं तरी अपाय करत नाही, चिकट होत नाही आणि छोटी बाटली बरेच दिवस पुरते. सांध्यात एक थेंब टाका, पात्यावर बोटानं पुसट थर द्या, जास्तीचं टिपून घ्या. चामडी म्यानात किंवा पाकिटात चाकू कायमचा ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. कप्प्यात ठेवायचा असेल तर नव्या बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी सोबत टाका. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पातं उघडून बघा, आणि तपकिरी ठिपका दिसलाच तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, ती लगदी फडक्यावर घेऊन त्याच दिवशी घासून काढा. उशीर झाला तर ठिपक्याखाली खड्डा पडतो, आणि तो धारेवर असेल तर दगडावर बरंच स्टील घालवल्याशिवाय जात नाही.